कोरियातले आमचे रविवार

कोरियात असताना आमच्याकडे किस्से नव्हते, नुसत्या फजित्या होत्या. त्यांचे किस्से व्हायला इंग्लंडात, मेडनहेडला यावं लागलं. फजिती होते तेव्हा जीव नकोसा होतो, आणि काही वर्षांनी तीच चारचौघांत सांगताना आपण मध्येच हात वर करून म्हणतो, "थांबा थांबा, याच्या आधीचं सांगायचं राहिलं!" मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि समोरचा चहा गार होतो.

माझी श्रोतेमंडळी ठरलेली आहे. जवळच स्लाऊला गौतम आणि वैशाली राहतात. शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला असतो, कारण माझी बायको प्रज्ञा ग्लासगोला असते. ती डॉक्टर आहे. तिला ट्रेनिंगची पोस्ट मिळाली ग्लासगोला आणि माझा जॉब मेडनहेडला. देश एकच, पण मध्ये जवळजवळ अख्खं इंग्लंड! दोन-तीन आठवड्यांतून एकदा ती खाली येते, नाहीतर मी वर जातो. उरलेल्या शनिवारी वैशालीचा फोन येतो, "सुजात, एकटा काय करणार आहेस? ये इकडे."

गौतमची मुलगी रिया इथेच जन्मली, इथेच वाढली. दार तीच उघडते आणि माझ्या मागे डोकावून विचारते, "काकू नाही आला?"

"नाही आला," मी म्हणतो.

"ओह. मग तो पिंक सीटवाला स्टोरी सांगा ना, काका!"

सांगतो. पण आधी टोपलीचा.

* * *

आम्ही सुवॉनला राहायचो. सोलपासून मेट्रोने तासाभराच्या अंतरावर. माझ्या कंपनीने मला तिकडे पाठवलं होतं आणि आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते.

पहिल्याच रविवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो. एक आजीबाई जमिनीवर ताडपत्री टाकून लसूण विकत बसल्या होत्या. लसूण होता एका वेताच्या टोपलीत. प्रज्ञाला ती टोपली फारच आवडली. भाषा येत नव्हती, म्हणून तिने सरळ मराठीत सुरुवात केली.

"काय सुंदर टोपली आहे हो तुमची!"

आजीबाई हसून म्हणाल्या, "ने, ने!"

प्रज्ञा चकित. माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, त्या ने म्हणतायत!" मग खात्री करून घ्यायला टोपलीवर बोट ठेवून पुन्हा विचारलं, "नेऊ? खरंच?"

"ने!"

प्रज्ञाने लसूण नीट ताडपत्रीवर काढून ठेवला, टोपली काखेत मारली, दोन्ही हात जोडले आणि चालायला लागली! पाचव्या दुकानापर्यंत पोचलो तर मागून आरडाओरडा. आजीबाई सपाता फटफटवत धावत येत होत्या, त्यांच्या मागे निम्मा बाजार.

मी घाईघाईने फोनवर शोधलं. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे 'हो'.

टोपली परत केली. काय झालं ते हातवाऱ्यांनी समजावल्यावर आजीबाई हसून हसून रस्त्यातच बसल्या. प्रज्ञा मात्र घरी येईपर्यंत वाद घालत होती, "माझं काय चुकलं? ती स्वतः म्हणाली, ने! मी नेलं!"

त्यानंतर आम्ही दर आठवड्याला लसूण तिथेच घ्यायचो. प्रज्ञा लांबून दिसली की आजीबाई आधी टोपलीला दोन्ही हातांनी मिठी मारायच्या आणि मग मान हलवून "या" म्हणायच्या!

* * *

दुसरा शब्द 'आप्पा'. कोरियन मुलं वडिलांना आप्पा म्हणतात. पुण्यात माझ्या वडिलांनाही सगळी गल्ली आप्पाच म्हणते, आणि माझे आप्पा कडक.

सोलमधला राजवाडा बघायला गेलो होतो. भलं मोठं अंगण, रंगीत पोशाखातले पहारेकरी, हजार माणसं. मी प्रज्ञाला फोटोसाठी उभं करत होतो, तेवढ्यात मागून एक पोरगं जिवाच्या आकांताने ओरडलं, "आप्पाऽऽ!"

पुढच्या क्षणी मला दिसलं की प्रज्ञा पोट धरून हसतेय.

"काय झालं?"

"अरे, तू शर्ट इन करतोयस!"

* * *

फोटोंचंही सांगायला हवं. तिकडे कुणालाही फोटो काढायला सांगितलं तर तो माणूस ते काम अंगावर घेतो. गुडघ्यावर बसेल, आडवा होईल, ऊन कुठून येतंय ते बघेल.

सोलच्या टॉवरपाशी एका वयस्कर गृहस्थांना फोन दिला. त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि नाराजीने मान हलवली. आम्ही दोघं मतदार यादीतल्यासारखे उभे होतो. त्यांनी हाताने खूण केली, जवळ या. आम्ही सरकलो. अजून. अजून सरकलो. अजून! शेवटी ते स्वतः आले, माझा हात उचलून प्रज्ञाच्या खांद्यावर ठेवला, तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि परत जाऊन गुडघ्यावर बसले.

प्रज्ञा ओठ न हलवता म्हणाली, "याहून जवळ गेलो तर आईला फोटो पाठवता येणार नाही!"

तो फोटो आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पाठवलाच नाही. आता माझ्या मेडनहेडच्या खोलीत आहे, खिडकीपाशी. इकडे फोटो काढायला सांगितला तर माणूस एकदा क्लिक करतो, "देअर यू गो" म्हणतो आणि फोन परत देतो. छान येतो फोटो. मधलं अंतरही व्यवस्थित येतं.

* * *

हे सगळं ऐकून वैशाली एकदा म्हणाली, "म्हणजे प्रज्ञाची तिकडे मजाच होती."

मजा नव्हती. नागपूरला असताना प्रज्ञा दिवसदिवस हॉस्पिटलमध्ये असायची. सुवॉनला तिला डॉक्टर म्हणून काम करता येत नव्हतं. त्यासाठी कोरियन भाषेतून परीक्षा द्यावी लागली असती. मग ती घरात बसून ब्रिटनच्या परीक्षेचा अभ्यास करायची. मी सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. मधला सगळा दिवस ती, पुस्तकं आणि खिडकीतून दिसणारा, समोरच्या बिल्डिंगवर रंगवलेला भलामोठा नंबर. म्हणून तिचं एकच मागणं असायचं, "रविवारी मला कुठेतरी ने."

मी म्हणायचो, "ने!"

एका उन्हाळ्यात आम्ही थंड नूडल्स खायला गेलो. चक्क बर्फ घातलेल्या रश्श्यात नूडल्स! त्या इतक्या लांब असतात की वेटरबाई टेबलाशी येऊन मोठ्या कात्रीने कापून देतात. त्या दिवशी गर्दी होती. बाईंनी माझा बाऊल कापला, तेवढ्यात दुसरीकडून हाक आली, म्हणून कात्री प्रज्ञाच्या हातात देऊन त्या गेल्या.

प्रज्ञाने कात्री बोटांत धरली. अंगठा आणि तिसरं बोट कड्यांत, पहिलं बोट पात्याच्या सांध्यावर टेकवलेलं. तिने एकदा उभा, एकदा आडवा असा काप घेतला. रश्श्याचा थेंबही उडाला नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली "वाऽऽ" म्हणाल्या.

मी टाळ्या वाजवल्या. "वा डॉक्टर!"

ती कात्रीकडेच बघत होती. बाई परत आल्या, कात्रीसाठी हात पुढे केला, तरी तिला द्यायचं सुचलं नाही.

मग म्हणाली, "सुजात, किती दिवसांनी रे."

बर्फ वितळला. नूडल्स तशाच राहिल्या. मी माझ्या बाऊलमधलं अर्धं उकडलेलं अंडं तिच्या बाऊलमध्ये टाकलं.

ती म्हणाली, "हे कशाला?"

"पेशंटला."

तेव्हा कुठे हसली.

* * *

आता रियाची पिंक सीट.

तिकडच्या मेट्रोत गरोदर बायकांसाठी गुलाबी सीट असते. कितीही गर्दी असली तरी लोक ती बहुधा रिकामी ठेवतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. प्रज्ञाला सीट दिसली, प्रज्ञा बसली.

शेजारच्या मावशींचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी प्रज्ञाचा हात हातात घेतला, काहीतरी गोड बोलल्या आणि पिशवीतून दोन संत्री काढून दिली. समोरच्या बाईंनी प्रज्ञाच्या मांडीवरची जड बॅग काढून माझ्याकडे दिली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी लाजेने ती छातीशी धरली.

"किती प्रेमळ लोक आहेत!" प्रज्ञा संत्रं सोलत म्हणाली.

उतरताना मी सीटच्या वरची पाटी फोनवर भाषांतर करून वाचून दाखवली. प्रज्ञाने तोंडावर हात घेतला.

इथे संपायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी त्याच मेट्रोत त्याच मावशी! त्यांनी लांबून हाक मारली, एका तरण्याबांड माणसाला बाजूला केलं आणि प्रज्ञाला पुन्हा गुलाबी सीटवर नेऊन बसवलं. ह्या खेपेला रताळी दिली. त्याच्या पुढच्या वेळी लोकरीचे इवलेसे मोजे!

खरं सांगायचं तर प्रज्ञा गरोदर नाही हे समजावण्याइतकं कोरियन आम्हाला अजून येत नव्हतं, आणि जेवढं येत होतं तेवढ्यात मावशींचं मन मोडण्याची आमची तयारी नव्हती.

प्रज्ञा मोजे पर्समध्ये ठेवत हळूच म्हणाली, "आता नऊ महिन्यांच्या आत एकतर मूल, नाहीतर बदली!"

बदली झाली. तेव्हा रोज म्हणायची, इथून एकदाची सुटू दे. परवा फोनवर म्हणाली, "आज बारा तास उभी होते. कुणी हात धरून त्या सीटवर नेऊन बसवलं तर कसं वाटेल रे!"

* * *

डोंगर चढणं हा तिकडच्या साठीच्या बायकांचा खास छंद. डोळ्यांवर येणारी रुंद काठाची टोपी, भडक रंगाचं जाकीट, हातात काठ्या. आम्ही जीन्स आणि साध्या बुटांत गेलो होतो. अर्ध्या वाटेवर आमची धाप बघून अशाच एका घोळक्याला आमची दया आली. त्यांनी आम्हाला काकड्या खायला दिल्या, प्रज्ञाला एक जादा टोपी आणि जांभळं जाकीट चढवलं आणि तिला मध्ये घेऊन सरळ वर नेलं. मी मागे!

उतरताना वाट निसरडी होती. मी गर्दीतून पुढे घुसलो, जांभळ्या जाकिटातला प्रज्ञाचा हात घट्ट धरला आणि मराठीत सुरू झालो. ऑफिसचं, साहेबांचं, तुझी आठवण येते दिवसभर, वगैरे वगैरे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, भारावली.

मग म्हणालो, "ऐकतेयस ना?"

जाकिटातून जाड आवाज आला, "ने!"

हात सोडवायला गेलो तर बाई सोडेनात! वाट निसरडी होती ना. त्यांनी मला पार पायथ्यापर्यंत हाताला धरून उतरवलं. प्रज्ञा आमच्या मागूनच येत होती. पायथ्याशी आल्यावर म्हणाली, "मला कधी एवढं बोलला नाहीस!"

* * *

आम्ही दोघंही बौद्ध. तिकडे बुद्धजयंतीला देवळांच्या अंगणात रंगीत कागदी कंदिलांचं छत करतात. प्रत्येक कंदिलाखाली ज्याने लावला त्याच्या नावाची चिठ्ठी. आम्ही दोघं बिचकत आत गेलो. एका टेबलाशी पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी फोनमधल्या भाषांतराच्या अॅपवर विचारलं, "तुमचं आडनाव काय?"

आपल्याकडे हा प्रश्न आला की माझी पाठ आपोआप ताठ होते. का, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी आडनाव सांगितलं. बाईंना ते उच्चारता येईना. मग त्यांनी विचारलं, "इन्दो?" म्हणजे भारत?

"ने," मी म्हणालो.

बाई उठून उभ्या राहिल्या. कमरेत वाकल्या. आत जाऊन करड्या वस्त्रांतल्या एका भन्तेंना घेऊन आल्या, तेही वाकले. आम्हाला हाताला धरून आत नेलं आणि बुद्धमूर्तीसमोर सगळ्यांच्या पुढे बसवलं. अॅप म्हणालं, "हे बुद्धांच्या गावाहून आले आहेत."

प्रज्ञा माझ्या कानात पुटपुटली, "आडनाव विचारून कुणी पुढे बसवलं, असं पहिल्यांदाच झालं."

बाहेर आल्यावर तिने नागपूरला आईंना व्हिडिओ कॉल लावला. माझ्या सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "मले बुद्ध दाखव ना." आत फोटो-व्हिडिओला मनाई होती. प्रज्ञा त्यांना समजावत होती, तेव्हा त्या पांढऱ्या केसांच्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर आईंनी हात जोडलेले त्यांना दिसले. त्यांनी काही न विचारता फोन दोन्ही हातांत घेतला, चपला काढल्या आणि फोन उराशी धरून आत गेल्या. आम्ही दारात उभे. आतून आईंचा त्रिसरण म्हणतानाचा आवाज येत होता, बारीक, फोनमधला. बाई मूर्तीसमोर फोन धरून ते संपेपर्यंत हलल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा आईंचे डोळे वाहत होते. आई म्हणाल्या, "प्रज्ञा, त्या बाईले विचार, जेवली का."

अॅपने विचारलं. बाईंनी ऐकलं, हसल्या आणि फोनवर वाकून त्यांच्या भाषेत बोलल्या. अॅप म्हणालं, "मी जेवले. तुम्ही जेवलात का?"

आई अजूनही फोनवर विचारतात, "ती बाई कशी आहे?" आम्ही सांगतो, बरी आहे. तिचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं.

* * *

प्रज्ञाला ग्लासगोची पोस्ट मिळाल्याचं कळलं त्याच महिन्यात माझी मेडनहेडला बदली झाली. सुवॉनच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये आम्ही अक्षरशः नाचलो. मग फोनवर नकाशा उघडला. ग्लासगो आणि मेडनहेड, बोटभर अंतर!

"हे काय, जवळच आहे!" प्रज्ञा म्हणाली.

झूम आउट करून बघितलं होतं.

* * *

सवयी मात्र बरोबर आल्या. तिकडे कुणालाही काही द्यायचं तर दोन्ही हातांनी, जरा वाकून. मेडनहेडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी कार्डसुद्धा दोन्ही हातांनी पुढे करतो. दुकानदार पंजाबी काका. पहिले काही दिवस बघत राहिले. आता पावती दोन्ही हातांनी देतात.

प्रज्ञाचं त्याहून पुढे गेलं. पहिल्या दिवशी ती वॉर्डमध्ये कन्सल्टंटसमोर कमरेत वाकली. तो उंच स्कॉटिश माणूस, गोंधळून तोही वाकला. नर्सने बघितलं, तीही वाकली. "आता," प्रज्ञा म्हणते, "सकाळच्या राउंडला अख्खा वॉर्ड वाकतो!"

* * *

आणि हा गेल्या महिन्यातला. मी ग्लासगोला गेलो होतो. शनिवारी तिची ड्यूटी लागली, म्हणून मिळाला फक्त रविवार, तोही दुपारपर्यंत. बाहेर पाऊस होता. कुठे गेलो नाही. तिने थालीपीठं केली, मी कांदा चिरला, आणि निघायची वेळ झाली.

ती स्टेशनवर सोडायला आली. गाडी लागलेली होती. माझी सीट खिडकीची, समोर टेबल. प्रज्ञा डबा घेऊन आत आली. डबा टेबलावर ठेवला. माझा कोट वर टाकला. मग शेजारच्या रिकाम्या सीटवर टेकली आणि म्हणाली, "गार झाली तरी चांगली लागतील."

"हं."

"गौतम-वैशालीला पण दे."

"हं."

बाहेर घोषणा झाली. सोडायला आलेल्यांनी खाली उतरावं. ती टेबलावरचा एक कण बोटाने टिपत होती. शिट्टी वाजली. मी माझं नेहमीचं शोधत होतो, जाताना काय बोलावं ते. दरवाजे लागले. आणि गाडी हलली!

"प्रज्ञा!"

"अरे देवा," ती म्हणाली. उठली मात्र नाही.

तिकीट तपासायला आलेला माणूस भला होता. वयस्कर, गोल चेहऱ्याचा. मी घाबरून सगळं एका दमात सांगितलं, ही माझी बायको, सोडायला आली होती, उद्या सकाळी हिची ड्यूटी आहे, आता काय करायचं? त्याने शांतपणे सांगितलं, पुढचा थांबा कार्लाइल; तिथे उतरा, समोरच्या फलाटावरून परतीची गाडी मिळेल, मी कळवून ठेवतो. मग प्रज्ञाकडे बघून म्हणाला, "एवढ्या मोठ्याने सांगितलं, ऐकू नाही आलं का तुम्हाला?"

"सॉरी," प्रज्ञा म्हणाली.

पलीकडच्या सीटवरच्या आजीबाई विणकाम बाजूला ठेवून हसल्या. "हॉलिडेला निघालात वाटतं दोघं?"

"हो," प्रज्ञा म्हणाली. "कार्लाइलपर्यंत."

गाडी शहराबाहेर आली. पाऊस उघडला होता. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, त्यांवर मेंढ्या, मध्येच एखादं दगडी घर. प्रज्ञाने बूट काढले आणि पाय सीटवर घेतले. मग मी हळूच विचारलं, "खरंच ऐकू नाही आली तुला शिट्टी?"

तिने डबा उघडला, थालीपिठाचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आली की."